सुकवारोबाई गेटातूनच जाईल

आज मी तिचं नाव लिहून राहिली. सुकवारो.

जिवंत असती तर या एका शब्दासाठी वर्षभर माझ्याशी बोलली नसती.

कारण सुकवारोबाई माझी भोजली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात छत्तीसगढच्या बाया टोपलीत गहू पेरतात, त्याच्या कोंबांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते नदीत शिरवतात, म्हणजे सोडतात. शिरवायच्या आधी दोघी मैत्रिणी ते पिवळे कोंब एकमेकींच्या कानावर खोवतात. झालं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या भोजली. मग जन्मभर नाव घ्यायचं नाही. घेतलं की मैत्री तुटली.

आम्ही दोघी राइस मिलच्या अंगणात उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाला वाळवायसाठी पायाने फिरवायचो. तळपाय भाजून निघायचे. ती राजनांदगावकडची, मी दवनीवाड्याची. मी तिथल्या पोत्यांवरची अक्षरं बघत बघत लिहा-वाचायला शिकली. ती म्हणायची, "तू पढ़, मैं सुनहूं."

तिने माझ्या कानावर कोंब खोवला, तर आमचे हे घरी चिडले.

"आपण बौद्ध माणसं. हे कायले पाहिजे तुले?"

"अजी, पूजा नाही केली, मैत्री केली. मैत्री तर आपल्या धम्मातच सांगितली आहे ना?"

त्यांनी चहा मागितला.

पांगोली नदीच्या काठावर आमची नदीटोली तेव्हा म्हणजे थोडीशी खोपटं अन् बेशरमाची झुडपं. आज येऊन बघा. पवारांची दुमजली घरं, आमचं विहार, सिंधी भाऊचं किराणा, गोंड मास्तरांचा बंगला, बिहारचा पेंटर, कोपऱ्यावर मोमोवाला. लेकरं मराठीत खेळतात अन् हिंदीत भांडतात.

लोक म्हणतात, गोंदिया वाढून राहिलं. वाढू द्या ना. आम्हीच तर विटा वाहिल्या.

पण नदीवर जायच्या जुन्या बैलगाडीच्या वाटेवर फ्लॅट आले, आणि वाटेला गेट लागलं.

त्या वर्षी भोजलीच्या दिवशी आम्ही अठरा बाया डोक्यावर टोपल्या घेऊन गेटावर पोचलो. वॉचमन आमच्याच टोलीतला. बिचारा खाली मान घालून म्हणाला,

"मावशी, वरून ऑर्डर आहे. बाहेरच्याले अशी एन्ट्री नाही. रजिस्टर भरा लागते."

सुकवारोबाईने टोपली उतरवली नाही. तशीच उभी राहून बोलली, "मैं बाहिर के? मैं आएंव त तोर गेट कहाँ रिहिस?"

ती आली तेव्हा गेट होतं कुठं! तो हसू दाबून राहिला. म्हणाला, "काकी, मले नोकरी आहे."

मी म्हटलं, आण रे तुझं रजिस्टर. लिहिता येणारी मी एकटी.

पहिला रकाना, नाव. आता तिचं नाव मी कसं लिहू? लिहिलं, भोजली.

दुसरी आली. तिचं नाव तिच्या जोडीदारणीने सांगितलं, "भोजली." तिसरी, "भोजली." अठराच्या अठरा ओळी, भोजली.

कोणाकडे जायचं? नदी.

काम? भेट.

इतक्यात सोसायटीच्या अध्यक्षसाहेबांची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न. बाया रस्त्यातून हलेनात. साहेब उतरले, रजिस्टर पाहिलं, तापले.

"ये क्या मज़ाक है? सबका एक ही नाम?"

सुकवारोबाई म्हणाली, "नाम एकेच हे साहेब. नदी घलो एके हे." नाव एकच, नदीही एकच.

मागे गाड्यांची लाइन लागली. वरच्या बाल्कन्यांतून बायका पाहू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एक मॅडम गाऊनवरच ओढणी घेऊन खाली आल्या अन् साहेबांना म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना त्यांना. मलाही बघायचंय."

गेट उघडलं. मॅडम आमच्यासोबत नदीपर्यंत आल्या, चप्पल हातात घेऊन.

तेव्हापासून भोजलीच्या दिवशी गेट उघडं राहते. एकच दिवस. बाकी वर्षभर नाल्याकडचा मागचा रस्ता.

आज सकाळी चहाचा कप हातात असतानाच सुकवारोबाई गेली. ताप नाही, दवाखाना नाही. पाहुणी उठून जावी तशी.

आणि दुपारी सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज मॅडमने मला दाखवला.

"टोलीतील एका महिलेचे निधन झाले आहे. मुलांच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून अंत्ययात्रा मागील रस्त्याने न्यावी, अशी विनंती."

एक महिला?

म्हणून नाव लिहिलं मी. भोजली, रागावू नको. सुकवारो होती ती. तुमच्या फ्लॅटच्या पायव्याची गिट्टी तिने डोक्यावर वाहिली. तुमच्या घरी ताटात पडते तो तांदूळ तिने पायाने वाळवला. नाल्याच्या चिखलातून ती जाणार नाही.

वॉचमनचा फोन आला होता. "मावशी, मी काय करू? नोकरी जाईल माझी."

त्याला म्हटलं, तू काही करू नको बापा. बाजूला उभा राय. कुलूप त्यांनी लावलं, त्यांनीच उघडावं.

उद्या सकाळी दहा वाजता नदीवरच्या घाटाकडे निघू. तिचा मुलगा रायपूरहून निघाला आहे. बांबू पवारांच्या वाडीतून आले. तिरडी विहाराच्या ओट्यावर बांधणार आहोत, आमच्या लोकांनीच जागा दिली. ज्यांना यायचं त्यांनी या. ज्यांना बाल्कनीतून पाहायचं त्यांनी पाहावं, लेकरांनाही दाखवावं. माणूस मरते. त्यात लपवायचं काय?

गेट बंद असलं तर तिला तिथेच सावलीत ठेवू अन् बाजूला बसू. आम्हाला घाई नाही. तिला तर आता मुळीच नाही.

कोणी म्हणाले, बायांनी खांदा देऊ नये. म्हणू द्या.

पहिला खांदा माझा.

जाय वो बाई, सरळ नदीवर जाय.