माझ्या पाठीचं माप

"भिंतीला पाठ लाव. टाचा जुळव. डोकं सरळ."

शेठ बोलत होते आणि मी करत होते. कारखान्यातली सगळी मशीनं बंद होती, ती त्यांनीच बंद करायला लावली होती. साठ-सत्तर बाया माना वर करून बघत होत्या. शेठनी माझ्या डोक्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखाली भिंतीवर शिंप्याच्या खडूनं रेघ मारली. मग मला बाजूला सारून जमिनीपासून टेप लावला.

"चार फूट साडेअकरा," ते मोठ्यानं म्हणाले. दुसऱ्या हातात मी कामाला लागताना भरलेला फॉर्म होता. "आणि इथं काय लिहिलंय? पाच फूट दोन. कापड आटतं हे माहीत होतं. बाई आटते हे आज बघितलं."

सगळे हसले. मशीनवरच्या बाया हसल्या, पॅकिंगवाले हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच टोचतं. अपमान माझा चालला होता आणि मी मालकाला साथ म्हणून दात काढत होते.

हसणं थांबल्यावर शेठनी कटिंगच्या टेबलावर कोरा कागद ठेवला.

"यावर लिहायचं. माझ्या बेजबाबदारपणामुळे ऑर्डर परत आली, मी माफी मागते. खाली सही. सोमवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. नाही तर काम बंद."

तो गुरुवार होता. मी कागद घेतला, घडी घातली आणि ब्लाऊजमध्ये ठेवला.

आमचा कारखाना गणवेशांचा. शाळेचे, हॉटेलचे, दवाखान्याचे. सोलापुरात असे कारखाने पुष्कळ आहेत. मोठ्या कारखान्यांत माप बघायला पुतळे असतात. आमच्याकडं पुतळा नव्हता, मी होते. नऊ वर्षांपूर्वी कामाला लागले तेव्हा कटिंगच्या मास्तरांनी मला टेप लावून बघितला आणि खूश झाले. खांदा, छाती, उंची, सगळं मधल्या मापात बसत होतं. तेव्हापासून नव्या ऑर्डरचा पहिला नग माझ्या अंगावर चढायचा. माझं नावच पडलं मीडियम. "ए मीडियम, इकडं ये." मी मशीन सोडून जायची, हात पसरून उभी राहायची, मास्तर टाचण्या लावायचे. कधी टाचणी अंगात घुसायची. पुतळा ओरडत नाही, म्हणून मीही ओरडायची नाही.

मग बाहेरगावच्या एका मोठ्या दवाखान्याची ऑर्डर आली. नर्सबायांसाठी कुडता आणि पँट. पँट माझ्या घोट्यावर बरोबर बसली. कुडता मात्र गुडघ्याखाली गेला. मास्तर चक्रावले.

"सरळ उभी रहा, अम्मा."

"सरळच हाय की."

मास्तर तेलुगू घरातले, माझ्याहून मोठे, सगळ्या बायांना अम्मा म्हणतात. त्यांनी दोनदा बघितलं. मग कागदाचा पॅटर्न काढला आणि खालून दोन इंच उडवला. त्या पॅटर्नवर सगळी ऑर्डर कापली गेली. तिकडं नर्सबायांनी कुडते घातले, आणि त्या पेशंटजवळ वाकल्या की कुडता कमरेवर चढायला लागला. सगळा माल परत आला.

पॅटर्न कापला मास्तरांनी. पास केला शेठनी, खाली त्यांची सही होती. पण दोघांच्या बोलण्यात मी सापडले. मी म्हणे पोक काढून उभी राहिले. मुद्दाम. कामचोर म्हणून.

मी माळशिरस तालुक्यातली, धनगराची पोर. मेंढरांमागं चालत वाढलेली. आमच्यात कुणी हाडाची तक्रार करत नाही. धाकट्याच्या बाळंतपणानंतर संधिवात लागला. सकाळी बोटं मिटायची नाहीत, कपबशी धरता यायची नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर एक डॉक्टर बसायचा. त्यानं कागदाच्या पुड्या दिल्या. त्यात एक बारीक पांढरी गोळी होती. ती घेतली की दुसऱ्या दिवशी बोटं चालायची. भाकरी थापता यायची, मशीन चालवता यायचं. मला ती गोळी देवासारखी वाटली. डॉक्टरनं कधी तपासलं नाही, मी कधी विचारलं नाही. पुड्या संपल्या की नव्या आणायच्या. अशी अकरा वर्षं गेली. तोंड गोल झालं. शेजारणी म्हणायच्या, "अंग धरलंस गं, सोलापूर मानवलं तुला." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात कापडाचा गठ्ठा उचलताना पाठीत कट्कन झालं. डोळ्यांपुढं अंधारी आली. गठ्ठे उचलायचं काम बायांचं नव्हे, पण हमाल कमी केल्यापासून आम्हीच उचलत होतो. मला वाटलं उसण भरली. रजा मिळाली नाही. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा आईनं आण्णांना, माझ्या चुलत्यांना, बोलावलं. आण्णा पायाळू. म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आले. पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. मला अंगणात पालथं झोपवलं. आण्णांनी "उतर, उतर" म्हणत माझ्या पाठीवर तीनदा टाच मारली. मी ओरडले. आई म्हणाली, "निगाली बग उसण. म्हनून वरडली." मलाही ते खरं वाटलं. त्यानंतर दुखत राहिलं, आणि दुखणं म्हणजे कामाचा भाग, असं मी धरून चालले.

शुक्रवारी मी कामावर गेले नाही. सकाळी नरसम्मा माझ्या घरी आली. ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. आदल्या दिवशी सगळे हसले म्हटलं, पण ही एकटी हसली नव्हती. बघते तर तिनंही खाडा केलेला.

"अक्का, चल सरकारी दवाखान्यात."

"कशाला?"

"मानूस उगाच आटत न्हाय. तुला कायतरी झालंय."

मला हे दोन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःलाही म्हटलं नव्हतं.

तिथं लांब रांग होती. आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी मी बरोबर नेलेल्या पुडीतल्या गोळ्या हातावर घेऊन बघितल्या, मग एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रे आल्यावर त्यांनी तो उजेडासमोर धरला.

"मावशी, कधी पडला होतात?"

"न्हाय."

"काही जड उचललं होतं?"

मी गठ्ठ्याचं सांगितलं. आण्णांचंही सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. पाठीचे मणके एकावर एक चौकोनी दिसत होते, आणि मधले दोन पुढून चेपलेले.

"हे दोन मणके मोडलेत आणि दोन वर्षांत हळूहळू चेपत गेलेत. म्हणून तुमची उंची कमी झाली. ही पांढरी गोळी स्टिरॉइड आहे. वर्षानुवर्षं लक्ष न ठेवता घेतली की हाडं आतून पोकळ होतात. संधिवातानंही होतात. तुम्हाला दोन्ही आहे."

माझा हात गोळ्यांच्या पुडीकडं गेला. मला ती तिथंच फेकून द्यायची होती. त्यांनी हात धरला.

"एकदम बंद करायची नाही. जिवावर बेतेल. मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची." मग त्यांनी हाडांची औषधं लिहून दिली. त्यात एक गोळी आठवड्यातून एकदाच, उपाशीपोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वजन उचलायचं नाही, वाकून काही घ्यायचं नाही. शेवटी केसपेपरवर लिहिता लिहिता त्यांनी आजाराचं नाव घेतलं. ऑस्टिओपोरोसिस.

मी दचकले. नाव नवीन होतं म्हणून नव्हे. मी ते ऐकलेलं होतं.

शेठच्या आई उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला. आम्ही बायांनी त्यांच्यासाठी नारळ फोडला. त्या आठवड्यात मी टाचण्या लावून घेत उभी होते आणि शेठ शेजारी फोनवर सांगत होते, "मम्मीला ऑस्टिओपोरोसिस आहे हो. दम्यासाठी किती वर्षं स्टिरॉइड घेतेय. डॉक्टर म्हणालेत, पाण्याची बादलीसुद्धा उचलू देऊ नका." बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता. मलाही त्या म्हातारीची दया आली होती.

सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते आठवलं. नरसम्मा चहा आणायला गेली होती. माझं डोकं तापलं. तोच आजार. तीच गोळी. त्यांच्या आईचं हाड मोडलं तर तिला दया. माझं मोडलं तर मी कामचोर. मला रडू आलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या अंगाचा राग न येता दुसऱ्या कुणाचा तरी राग आला, आणि तो राग मला आवडला.

शनिवार-रविवार मी त्या कोऱ्या कागदावर लिहीत होते. मी सातवी शिकलेली. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येण्यासारखं.

सोमवारी पुन्हा मशीनं बंद झाली. शेठ हाताची घडी घालून टेबलाला टेकून उभे राहिले. मास्तर त्यांच्या मागं. मी कागद उघडला आणि वाचला.

"मी मुद्दाम पोक काढून उभी राहिले नाही. माझ्या पाठीचे दोन मणके मोडले आहेत. या कारखान्यात गठ्ठा उचलताना ते मोडले. मला संधिवात आहे. कुडत्याचा पॅटर्न मी कापला नाही आणि पास केला नाही. मी माफी मागणार नाही."

मी पिशवीतून एक्स-रे काढून टेबलावर ठेवला. शेठनी त्याकडं बघितलंही नाही.

"नाटक पुरे. तुम्हा खेड्यातल्या बायकांची हाडं लोखंडाची असतात. चार गठ्ठ्यांनी मोडतात होय?"

"माझी मोडली. आजार हाय मला. ऑस्टिओपोरोसिस."

तो शब्द माझ्या तोंडून ऐकून ते हसले. "कुठून शिकलीस हे?"

"तुमच्याकडनंच. तुमच्या आई पडल्या तवा तुमी फोनवर बोलत व्हता. मला सांगा शेठ, त्या पडल्या तवा त्यांनी कुनाची माफी मागितली?"

शेठचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "माझ्या आईचं नाव घ्यायचं नाही!"

"न्हाय घेत. आजाराचं घेते. दोगींचा येकच हाय."

"चालती हो."

मी एक्स-रे पिशवीत घातला आणि चालती झाले. माझ्या मागं कुणी उठलं नाही. कारखान्यात बायांनी घोषणा दिल्या, मशीनं बंद पाडली, असं काही घडलं नाही. गेटातून बाहेर पडेपर्यंत मशीनं पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाईट वाटलं, आणि राग आला, आणि तो अजूनही आहे.

पण संध्याकाळी नरसम्मा चौघींना घेऊन घरी आली. चौघींनी पदराच्या गाठी सोडल्या आणि आपापल्या पुड्या चटईवर ओतल्या. कुणाला दमा, कुणाला सांधे, एकीला अंगावर कसले चट्टे. लाल, पिवळ्या, निळ्या गोळ्या. चौघींच्याही पुडीत ती बारीक पांढरी.

"बग की अक्का, ह्यातली कुटली?"

मी बोट ठेवलं. एकीनं लगेच ती उचलून खिडकीतून टाकायला हात मागं नेला. मी ओरडले, "टाकू नगो! येकदम बंद केली तर मरशील. आदी दाखवायचं." पुढच्या आठवड्यात आम्ही सहाजणी त्याच डॉक्टरीणबाईंसमोर रांगेत उभ्या राहिलो. एकीच्या पाठीचा मणका माझ्यासारखाच निघाला. तिनंही गठ्ठे उचलले होते.

त्यानंतर मी कामगारांच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला. काम करताना मणके मोडले, आजार सांगितला म्हणून कामावरून काढलं, बायांकडून गठ्ठे उचलून घेतात. एक्स-रेची प्रत जोडली. पोच घेतली.

पंधरा दिवसांनी मास्तर दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"अम्मा, शेठ म्हनतेत अर्ज मागं घे. कामावर ये. कुनी काय बोलनार न्हाय."

"गठ्ठे?"

"ते बगू म्हनतेत."

"मास्तर, पॅटर्न कुनी कापला?"

त्यांनी खाली बघितलं. "मला बी लेकरंबाळं हायत, अम्मा."

"मलाबी हायत. शेठला सांगा, अर्ज मागं येनार न्हाय. आनि तारखेला तुमाला साक्षीला बोलवायला सांगनार हाय मी. काय बोलायचं ते तुमी ठरवा."

ते गेले. मला त्यांची कीव आली नाही. नऊ वर्षं त्यांनी माझ्या अंगावर टाचण्या लावल्या, आणि माझी पाठ वाकतेय हे सगळ्यात आधी त्यांच्या टेपला कळलं होतं.

पुढच्या महिन्यात त्या कार्यालयात तारीख आहे. शेठ वकील घेऊन येतील. वकील म्हणेल हा बाईचा जुना आजार, कारखान्याचा काय संबंध. म्हणू दे. संबंध मी सांगेन. इतक्या वर्षांत मी जे काही ऐकलं ते उभं राहूनच ऐकलं. त्या दिवशी आत गेल्यावर मी आधी खुर्ची मागेन. खुर्ची मिळेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. मिळाली की बसेन, आणि पहिल्यापासून सगळं सांगेन.