पत्रामामांचा डावा मडगार्ड

पत्रामामा पत्र्याला गाल लावायचे. ठोकून झालं की हातोडी खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि मडगार्डवर गाल टेकवून तो हळूहळू वरून खाली न्यायचा, आजारी पोराचा ताप बघावा तसा. जव्हारहून मोखाड्याकडे जाणारे जीपवाले ते बघायला गाडी स्लो करायचे. मी मामांची नक्कल बसवली होती, आणि चहाच्या टपरीवर ती फार चालायची. एकदा मामांसमोरच करून दाखवली. ते म्हणाले, "गाल बरोबर हाय. डोळं लई मिटलंस."

आमच्या शेडमध्ये ते डेंटर, मी पेंटर. ते मूळचे जामसरचे, पण उमेदीची सगळी वर्षं ठाण्यात गेली, शौकीन लोकांच्या जुन्या गाड्या नव्या करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. ते बंद पडलं तसे परत आले आणि जीपचे चेपलेले दरवाजे सरळ करू लागले. बोलणं निम्मं गावचं, निम्मं ठाण्याची हिंदी. चिडले की हिंदी, दमले की गप्प. माझ्या वाट्याला गप्प असलेले मामाच जास्त आले.

मग ती गाडी आली. दाभोशाकडे जागा घेतलेले मुंबईचे एक शेठ मामांना ठाण्यापासून ओळखत होते. त्यांची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार, म्हणजे चाकं, इंजिन आणि सांगाडा, ट्रकमधून उतरली. अंगावर कातडं नाहीच. ते सगळं मामांनी हाताने ॲल्युमिनियमचं घडवायचं होतं. वांगणीच्या रस्त्यावर पॅसेंजर भरणारा एक जीपवाला बघायला आला, सांगाड्याभोवती फिरला आणि यात किती पॅसेंजर बसणार म्हणून विचारलं. दोन, म्हटल्यावर त्याने मामांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरात कुणीतरी गेलंय. आमच्याकडे दोन माणसं तर जीपच्या मागच्या पायरीवरच उभी असतात.

मामांना मात्र ही गाडी हवी होती. ठाण्यात एकजण दरवाजा करायचा, दुसरा बॉनेट, आणि शेवटचा हात उस्ताद मारायचा. अख्खी गाडी मामांच्या एकट्याच्या हातची कधी झाली नव्हती. "ही एक पुरी करतो," ते म्हणाले, "पुट्टी न लावता. मंग बसतो घरी." पुट्टी म्हणजे खड्डा बुजवायचा लगदा. आम्हा पेंटर लोकांचं पोट तिच्यावर चालतं, पण मामा तिचं नाव काढलं तरी हिंदीत जायचे.

काम कंटाळवाणं होतं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्याने दिवसभर ठोकत बसायचं. ठोकून ठोकून ॲल्युमिनियमचा पत्रा कडक होतो, मग फाटतो. त्याआधी त्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि गॅसची ज्योत फिरवायची. साबण कॉफीसारखा झाला की थांबायचं. मामा सांगायचे, लोखंड लाल होऊन सांगतं तरी. हा न सांगता वितळून जातो. तापवलेला पत्रा गार होईपर्यंत ते भिंतीला टेकून बसायचे. एकदा म्हणाले, "पत्रा दमला की कडक होतो. ऊब दिली की परत नरम. माणसाला नाय तसं."

मला ते तेव्हा पत्र्याबद्दलचं बोलणं वाटलं.

उजवी बाजू उन्हाळ्यात झाली, सुरेख. डावा मडगार्ड पावसाळा संपला तरी चालूच होता. शेवटी मामांनी गाल लावला, मान हलवली आणि तो माझ्याकडे दिला. मी पाणी मारून ट्यूबलाइटखाली धरला. पत्र्यात सरळ दिसायला हवी ती ट्यूब हेडलाइट बसायच्या खाचेजवळ सापासारखी वळली. मी पुन्हा पाणी मारलं. पुन्हा साप.

मी सांगितलं. ते हिंदीत गेले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून बोटांकडे बघू लागले.

"बोटं गेली रे," म्हणाले. "दोन वर्सं जात होती, उनाळ्यात थोडं तरी समजायचं. आता गार-गरम पण समजत नाय. म्हणून गाल लावतो. पण त्या खाचंत गाल जात नाय."

टपरीवरची ती नक्कल मला आठवली. मी घाईने म्हटलं, तेवढ्या जागेला पुट्टी लावू, कुणाला कळतंय.

"तुला कळलं ना," मामा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी हातोडी उचलली आणि मला खाचेत हात फिरवून सांगायला लावलं. मी म्हणालो, इथे थोडं वर, इथे थोडं खाली. थोडं म्हणजे किती, ते त्यांना समजेना, मला सांगता येईना. त्यांनी एक घाव जास्त मारला, दुसरा कमी. दोघेही वैतागलो. शेवटी मी कंटाळून हात फिरवता फिरवता तोंडाने वांगणीच्या जीपचा आवाज काढला. चढ आला तिथे इंजिन कण्हलं, खड्डा आला तिथे मागचा पत्रा खडखडला.

मामांचे डोळे मिटले. "थांब. हा नाल्याच्या आधीचा खड्डा का नंतरचा?"

"आधीचा."

"मंग बारीक हाय." त्यांनी टुक करून एकच घाव मारला.

मग आम्ही तसंच केलं. मी हात फिरवायचो आणि जीप चालवायचो, ते ऐकायचे आणि ठोकायचे. त्या रस्त्यावर त्यांचं बूड इतकं शेकलं होतं की प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ. मध्ये दोनदा साबण लावून पत्रा तापवला आणि तो गार होईपर्यंत बसलो. माझा घसा बसला, त्यांचा खांदा उचलेना. सरतेशेवटी माझा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि इंजिनचा सूर कुठेच बदलला नाही.

"हायवे लागला," मामा म्हणाले, आणि तिथेच जमिनीवर आडवे झाले.

मडगार्ड सांगाड्यावर चढवला, कडा दुमडल्या, बोल्ट आवळले. मी रंग दिला. शेठ आले, गाडीभोवती फिरले, ही सगळी तुमच्या एकट्याच्या हातची ना, म्हणून कौतुकाने विचारलं. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. मी तर तशी मानही हलवली.

"नाय," मामा म्हणाले. "डावी बाजू दोघांची हाय."

गाडी ट्रकवर चढली. मामा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

आता ते जामसरला असतात. डेंटरचं कामही मीच करतो. सुट्टीला गेलो की ते विचारतात, काय आलं होतं, कसं बसवलं, कड कशी आली. पूर्वी माझं कुठलंही बोलणं ते स्वतः गाल लावून तपासल्याशिवाय मानायचे नाहीत. आता मी सांगतो ते खरं धरतात आणि समाधानाने चहा पितात. माझ्यासारख्या नकलाकाराचं बोलणं इतकं खरं धरणारं गावात दुसरं कुणी नाही. त्यामुळे जे तिथे सांगायचं, ते इथे आधी तसंच, पुट्टी न लावता, करून ठेवावं लागतं. अंग फार दुखतं हल्ली.