तीनदा कापलेलं दार

मी पॉलिटेक्निकमध्ये मुलांना वर्कशॉप शिकवते. जे टेपने मोजता येत नाही ते नसतंच, असं मानणारी बाई आहे मी. सोसायटीत कुणी दाराला लिंबू-मिरची बांधली, तर मी लिंबाचा भाव विचारते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

धायरीला आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि बाबा, दोघंच. बाबा ऐंशीच्या पुढचे, वॉकर घेऊन चालतात. एकदा बाथरूममध्ये घसरले, म्हणून मी जुन्या फरशीवरच न घसरणारी खरखरीत फरशी बसवून घेतली. फरशी वर आली आणि आत उघडणारं सागवानी दार खाली घासायला लागलं. मी जोर लावून ढकलायचे. बाबांना ते लावता येईना.

मग आंघोळ दार अर्धं उघडं ठेवून! सदरा घातल्याशिवाय बाल्कनीतसुद्धा न जाणारा माणूस. "मधू, तू आतल्या खोलीत जा, रेडिओ मोठा कर," असं मान खाली घालून म्हणायचे. मला ते बघवेना. काहीही होवो, बाबांना स्वतःच्या हाताने कडी लावता आली पाहिजे.

सुतार "उद्या नक्की" म्हणत राहिला. म्हटलं, आपला हात जगन्नाथ! लाकूड कापायची सर्क्युलर सॉ विकत आणली. रविवारी बिजागऱ्या सोडवून दार उतरवलं, बाल्कनीत दोन स्टुलांवर आडवं टाकलं, रेघ मारली, टवके उडू नयेत म्हणून रेघेवर चिकटपट्टी लावली आणि मशिन चालू केलं.

समोरच्या बाल्कनीत शेजारचे काका उगवले. "मॅडम, दुपारच्या झोपेच्या वेळी हे करायची आपण खास परवानगी काढली आहे का?"

"दहा मिनिटं फक्त, काका."

"दहाच ना? मग आम्ही जागेच बसतो."

बोटभर रुंदीची पट्टी सुटून खाली पडली. दार बसवलं... घासलं. पहिल्यासारखंच! टेप लावला, तर उंची होती तेवढीच. आणि कापलेली पट्टी माझ्या हातात.

मोजताना माझीच चूक झाली असणार. पुढच्या रविवारी पुन्हा कापलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी टेपचं टोक बाबांनी धरलं. कापायच्या आधी आणि नंतर, दोघांनीही आकडा वाचला. आकडा हलला नव्हता.

"राहू दे गं. दाराच्याच मनात नसेल," बाबा म्हणाले.

"दाराला मन नसतं, बाबा. मी चौथ्यांदा कापीन." मी इरेलाच पेटले होते. भीती वाटली नाही असं नाही, पण रागच जास्त आला होता.

चौथ्यांदा कापायची वेळ आलीच नाही. एका सकाळी बाबा आंघोळीला गेले. मी रेडिओ मोठा करून बसले होते. कुकर बंद करायला उठले, तर जाताना अर्धवट उघड्या दारातून बाबांचे पाय दिसले. आडवे. हार्ट अटॅक होता. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. दार बंद असतं, तर मी अर्धा तास हाकही मारली नसती. आणि ते बंद व्हावं म्हणूनच तर मी कापत होते!

बाबा वाचले. घरी आल्यावर पहिल्याच आंघोळीला त्यांनी दाराला बोट लावलं आणि दार लागलं. अलगद. खाली चांगली तीन बोटं फट. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, हे मी दरवर्षी शिकवते. पण इतकं? कापलेलं लाकूड परत उगवतं आणि एके दिवशी आपलं आपण जातं, हे कुठल्या सिलॅबसमध्ये बसवू? मी अजून शोधतेय.

त्या दिवशी आतून खणखणीत आवाज आला, "मधू, कडी लागली गं!" कितीतरी दिवसांनी बाबा असे खूश झाले होते. आणि मला मात्र दारावर थाप मारून म्हणावंसं वाटत होतं, उघडा, बाबा, राहू दे उघडंच...

आता रोज त्यांची आंघोळ होईपर्यंत मी दाराबाहेर स्टूल टाकून बसते, आतलं पाणी ऐकत.

"मधू, बाहेर बसलीयेस का?"

"छे हो, मी स्वयंपाकघरात आहे."

"असं? मग आपलं स्वयंपाकघर बरंच जवळ आलंय."