वरून बघणारे काका

पुण्यात राहून जमिनीकडे कधी न बघितलेला माणूस दाखवा, असं कुणी म्हटलं तर मी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे बोट दाखवीन. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून पिकांची तब्येत ओळखणं ही त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, नजर मात्र वरच राहिली. सोसायटीत कोण कुठे राहतं हे ते नावावरून नव्हे, तर गच्चीवरच्या टाकीच्या रंगावरून सांगत. मधुचंद्राला कुठे गेला होतात, असं मी एकदा थट्टेनं विचारलं तर म्हणाले, "महाबळेश्वरला. पण मागाहून त्या आठवड्याची चित्रं काढून पाहिली, सगळी ढगाळ. पुरावा काही नाही." काकू आतून म्हणाल्या, "बरंच झालं!"

काकूंचं माहेर शहराच्या कडेला, आता महापालिकेत आलेल्या गावात. तिथे त्यांचे थोरले भाऊ एकटेच शेती करायचे. चहूबाजूंनी इमारती उठल्या, पण ह्यांनी रान विकलं नाही. काका त्या शेतावर कधी जात नसत. जवळून काही कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. नवं चित्र आलं की फोन लावायचे. "मेहुणे, विहिरीजवळचा गहू लालभडक आहे!" पहिल्यांदा हे ऐकून मेहुणे ओरडलेच, "लाल? आग लागली का काय, दाजी?" निरोगी पीक उपग्रहाच्या ह्या चित्रांत लाल दिसतं, हे काकांनी त्यांना समजावता समजावता चहा गार झाला. मग दोघांची भाषाच ती झाली.

यंदाच्या हिवाळ्यात तो लाल रंग फिका पडू लागला. काकांनी फोन केला.

"पाणी देत नाही आहात तुम्ही."

"देतोय की! तुमच्या यानाची काच पुसून घ्या."

पुढचं चित्र आणखी फिकट आलं. "तुमचा भाऊ खोटं बोलतोय," काका म्हणाले. काकू संतापल्या, "दादा आयुष्यात खोटं बोललेला नाही!" काकांनी लॅपटॉप मिटला. चपला घातल्या, माझं दार वाजवलं आणि म्हणाले, "आपली स्कूटर काढता का?"

मेहुणे शेडमध्ये बाजेवर बसले होते. पाय सुजून खांबासारखे झालेले, दोन वाक्यांत धाप लागत होती. विहिरीपर्यंत जाणं केव्हाच थांबलं होतं.

"अहो, सांगितलं का नाही?" काकांचा आवाज चढला.

"बहीण घाबरली असती." मग ओशाळं हसून म्हणाले, "आन् तुम्हाला दिसलंच की."

हृदय थकलं होतं. इस्पितळातून त्यांना कर्वेनगरला आणलं. पलंगाशेजारी काका लॅपटॉप घेऊन बसत.

"गहू कसा हाय, दाजी?"

मी मागेच उभा होतो. पडद्यावर रान राखाडी दिसत होतं. आकाशातून आलेल्या चित्रात जन्मभर एक ठिपका इकडचा तिकडे न केलेला तो माणूस म्हणाला, "लाल आहे. नुसता लालभडक."

"मग कापणीला जाऊ," मेहुणे म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. कापणीच्या आधीच ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर काकूंना शेत बघायचं होतं, म्हणून आम्ही तिघं गेलो. गव्हाच्या ओंब्या पोचट वाळल्या होत्या, मधे रानगवत माजलं होतं. काका बांधाशी अवघडत खाली बसले आणि एक हिरवं रोपटं बोटांत धरून म्हणाले, "हे काय आहे गं?"

"चंदनबटवा. आई ह्याची भाजी करायची."

"आणि हे?"

"हराळी. दादा खुरप्यानं काढून काढून दमायचा..." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि पलीकडच्या पानाकडे बोट केलं. ऊन उतरेपर्यंत त्या एकेक नाव सांगत होत्या आणि काका ते हळूच, चुकतमाकत, पुन्हा म्हणत होते.