माझ्यासाठी वेगळं कपाट

डब्लिनला मी कायदा शिकायला आले. प्रबंधाचा विषय होता अमेरिकेतला वर्णभेद आणि त्याविरुद्ध लढले गेलेले खटले. नागपूरची मावशी म्हणाली, "दुसऱ्यांची भांडणं शिकायला एवढ्या लांब कशाला जातेस? घरची काय कमी पडली?"

इथे अभ्यास सोपा, खोली मिळणं कठीण. मी मैत्रिणीच्या सोफ्यावर दिवस काढत होते आणि तिचा घरमालक कुरकुरायला लागला होता. तेवढ्यात आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावातली एक खोली दिसली. घरातले दादा चेरीवूडला आयटीत, पक्के पुणेकर. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "आडनाव?" माझं आडनाव आमच्या गावावरून पडलेलं. त्याच गावावरून ते इतर बऱ्याच घरांनाही पडलंय, आणि त्यातलं एक वहिनींचं माहेर निघालं. "अरे वा, म्हणजे आपल्यातलीच की!" दादा म्हणाले. पुढचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. भाडं मात्र परक्याला लावतात तेवढंच लावलं.

सुरुवातीचे दिवस लाडाचे गेले. गणपतीत वहिनींनी नैवेद्याचे मोदक माझ्याकडून वळून घेतले. "आपल्यातला हात आहे, कळ्या बघा किती सुबक," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. बाप्पांनीही तक्रार केली नाही.

मग मी खोलीत फोटो लावला. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. आमच्या घरी देव्हारा नाही, तो फोटो आहे. वहिनी टॉवेल द्यायला आल्या, फोटोकडे बघितलं, इथले लोक 'ठीक आहे'ला म्हणतात तसं "ग्रँड," म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मला वेगळं कपाट मिळालं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. "हे तुझं प्रेस. तुझं तुला सुटसुटीत," वहिनी म्हणाल्या. आत नवा कप, नवी ताटली, नवं पातेलं. "आमच्यापेक्षा भारीतलं आणलंय हं!"

हे मी आधी वाचलेलं होतं. रेल्वेच्या त्या जुन्या खटल्यात अमेरिकेचे न्यायाधीशही असंच म्हणाले होते, की डबे वेगळे असले तरी समानता कुठे मोडते? यात कमीपणा वाटत असेल, तर तो तुमच्याच मनाचा खेळ. वेगळं ठेवणं हीच विषमता, एवढी साधी गोष्ट शाळांच्या खटल्यात कोर्टाला कळेपर्यंत अर्धशतकाहून जास्त काळ गेला. आपल्याकडे तर तळ्याच्या पाण्यासाठी हायकोर्टापर्यंत भांडावं लागलं. आणि या सगळ्याची अभ्यासक असलेली मी कपाटापुढे मुकाट उभी होते. संताप आला होता. पण संतापाला छप्पर नसतं, आणि मला तेच हवं होतं.

पुढे दादांवरच अन्याय झाला. एका हॉटेलात पुढची टेबलं राखीव आहेत असं सांगून त्यांना टॉयलेटच्या दाराशी बसवलं, आणि मागून आलेल्या गोऱ्या कुटुंबाला थेट खिडकीपाशी नेलं. दादा पेटले. समानतेच्या कायद्याखाली तक्रार ठोकली, आणि त्यांना घरातली कायदेवाली आठवली.

"तुझ्या त्या अमेरिकन केसेसमधलं काहीतरी सॉलिड टाक ना," ते म्हणाले. "तो मॅनेजर, इथल्या भाषेत यूअर मॅन, म्हणतोय की जेवण सगळ्यांना सेमच दिलं, मग तक्रार कशाची?"

मी टाकलं, आणि मनापासून टाकलं, कारण अपमान खराच होता. 'ताटात काय वाढलं हा प्रश्न नाही, वेगळं का बसवलं हा आहे.' दादांनी ते वाक्य पाठ केलं. दाढी करतानाही तेच घोकायचे. सुनावणीत ठणकावून बोलले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

त्या शनिवारी घरी मंडळी जमली. दादांनी मॅनेजरची नक्कल केली. "जेवण तेच होतं, मग तक्रार कशाची?" सगळे पोट धरून हसले. वहिनी स्टीलच्या ताटल्यांतून पेढे देत होत्या. माझा पेढा कागदी डिशमध्ये आला.

आता छप्पर गेलं खड्ड्यात. "वहिनी, मलाच कागदी का?"

"अगं, पेढा तोच आहे!" वहिनी म्हणाल्या.

या वेळी कोणी हसलं नाही. मी उठले, त्यांचं कपाट उघडलं, त्यांची स्टीलची ताटली घेतली, तिच्यात पेढा ठेवला आणि सगळ्यांसमोर सावकाश खाल्ला. दादा टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

सकाळी कळलं की पुण्याहून सासूबाई येणार आहेत, त्यांना खोली लागेल. मी पुन्हा मैत्रिणीच्या सोफ्यावर आले. सासूबाई काही आल्या नाहीत. ग्रुपवर जाहिरात आली.

'स्वोर्ड्समध्ये खोली. चांगल्या घरातली मराठी मुलगी हवी. आडनाव आणि कुलदैवत कळवावे.'

गेल्या वेळी नुसतं आडनाव विचारलं होतं.