शर्कमध्ये धरलेले ध्रुपद

सत्तरी उलटल्यावर समुद्र ओलांडावा की नाही, याचा निर्णय माझ्यासाठी वैदेहीने केला. माझी ही कन्या कुवेतमध्ये परिचारिका आहे. थंडीतच या, उन्हाळ्यात तुम्हांला घराबाहेर पडू देणार नाही, असे तिने बजावले होते. जाणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे आणि पहाटेसाठी एक शाल न्यावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिग्गईतल्या तिच्या घरून आम्ही टॅक्सीने शर्क या किनाऱ्यालगतच्या भागाकडे निघालो. (भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे.) मासळीबाजारावरून जाताना मी उपरणे नाकाला लावले. "आबा, रत्नागिरीचे ना तुम्ही?" वैदेही हसली. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. गरम फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे, आणि तिळाची चटणी यांवर माझे उत्तम भागले.

समुद्राकाठच्या एका हॉटेलात चहाच्या वेळी रीटाबाई गाणार होत्या. त्या मूळच्या माल्टा बेटावरच्या. सतराव्या वर्षी बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे त्यांचे एक गाणे रेडिओवर घरोघरी पोहोचले. पुढे लोकांची आवड पालटली, तशा त्या प्रवासी जहाजांवर गाऊ लागल्या आणि अखेरीस इथल्या हॉटेलांत स्थिरावल्या. वर्षापूर्वी त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वैदेही त्यांच्या उशाशी होती. त्यानंतर आज त्या प्रथमच गाणार होत्या. आज आवाज टिकला नाही तर पुन्हा उभी राहणार नाही, असे त्यांनी तिला सांगितले होते.

आपल्या प्राचीन ग्रंथांत एक कथा येते. वाणी देह सोडून वर्षभर प्रवासाला जाते आणि परतल्यावर इतर इंद्रियांना विचारते, माझ्यावाचून कसे जगलात? मला तीच आठवत होती.

"टाळ्या शेवटी," वैदेही कानाशी म्हणाली. "मध्ये 'वा' नाही, खुर्चीवर मांडी नाही."

रीटाबाईंनी तेच जुने गाणे घेतले. शब्द मला कळले नाहीत. ध्रुपद, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, मात्र तीनदा आले आणि मनात बसले. चौथ्या वेळी पहिल्याच स्वरावर आवाज थांबला. पियानोही थांबला. सारे सभागृह कपांकडे पाहू लागले.

चाळीस वर्षे मी देवळात कीर्तनकारांच्या मागे उभा राहिलो आहे. बुवांचा श्वास सरला की मागच्यांनी ध्रुपद धरायचे, ते खाली पडू द्यायचे नाही. विचार करण्यापूर्वीच मी उभा होतो आणि नुसत्या 'आ'कारात ती चाल उचलली होती. वैदेहीने माझे उपरणे ओढले. मी दोनदा आवर्तन केले. तिसऱ्या वेळी माझ्या स्वराखालून एक घोगरा, खोल स्वर वर आला. मी गप्प बसलो. गाणे त्यांनी पूर्ण केले.

नंतर त्या आमच्या टेबलापाशी आल्या. त्यांचे बोलणे वैदेहीने मला मराठीत सांगितले: "मी जन्मभर एकटीच पुढे उभी राहिले. मागे कुणी असतं, हे मला ठाऊक नव्हतं."

रत्नागिरीस परतल्यावरच्या पहिल्या एकादशीला बुवा श्वासासाठी थांबले आणि मी ध्रुपद धरले. बुवांनी ते केव्हाच परत घेतले होते. त्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा कळले की मी अजून गातोच आहे, तो घोगरा स्वर खालून येण्याची वाट पाहत.