वसंताच्या अंगणातलं गवत

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जठारपेठेत, त्याच्याच लॉनसाठी खत घेत होतो. फोन खिशात ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, "बांध." मयतीच्या घरी खताची पिशवी खांद्यावर घेऊन शिरणारा वऱ्हाडातला मी पहिलाच असेन. अमरावतीला त्याच्या घरी पोचलो तर त्याच्या बायकोने, शालूवहिनींनी, ती पिशवी निमूट उतरवून घेतली. जमलेल्यांना वाटलं, काही विधीचं सामान असावं...

आम्ही दोघे तेल्हाऱ्याकडचे, कापूसवाल्यांची पोरं. अर्धं बालपण वावरातलं गवत निंदण्यात, उपटून फेकण्यात गेलं. अशा माणसाने निवृत्तीनंतर घरापुढे मुद्दाम गवत पेरायला घेतलं, तेव्हा मी म्हणालो, "लेका, तुह्या बापानं पाह्यलं असतं तर सोलला असता तुले." तो हसला नाही. मुलगा शिरीष बंगलोरहून फोनवर म्हणाला होता, "बाबा, मिनूला खेळायला तिथे आहे काय? नुसती काळी माती." मिनू म्हणजे एकुलती नात. हे वाक्य वसंताच्या काळजात रुतलं होतं.

मदतीला मी. म्हणजे सत्यानाश ठरलेलाच. पाकिटावरच्या सूचना वाचायच्या आम्हाला काय गरज? आम्ही दोरी धरून सरळ रेघांची काकरं ओढली आणि कपाशीची पऱ्हाटी टोबतात तसं चिमूट चिमूट बी मातीत खोल टोबलं. बरंचसं उगवलंच नाही. जे उगवलं ते ओळीने, झुपक्याझुपक्याने. वहिनी पायरीवरून म्हणाल्या, "भाऊजी, निंदाले डवरा आनू का? पाळी घालून टाका एक." मग पुन्हा माती भुसभुशीत केली, बी रेतीत कालवून वरच्यावर फेकलं, रिकामं सिलिंडर लोळवून दाबलं, चिमण्यांनी बी टिपू नये म्हणून वहिनींच्या जुन्या साड्या अंथरल्या. या खेपेला हिरवंगार आलं.

आणि वसंताने फर्मान काढलं : मिनू येईपर्यंत कोणीच पाय ठेवायचा नाही. मी एकदा चप्पल काढून एक पाय टाकला, तर ओरडला, "काहून तुडवून राहिला बे? तुह्यासाठी लावलं का?" तेव्हापासून आम्ही कडेच्या फरशीवर खुर्च्या टाकून, देवळाबाहेर बसल्यासारखे चहा प्यायचो. दिवाळीत येतो म्हणणाऱ्या शिरीषला सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्यात म्हणे, अमरावतीचं ऊन मिनूला सोसणार नाही. वसंता गवत कापायचा, पाणी द्यायचा आणि रस्त्याकडे बघायचा. मला राग यायचा. पोराचा कमी, वसंताचा जास्त.

तिरडी त्या गवतावरच बांधली. दुसरी जागाच नव्हती. अख्खी कॉलनी चपलांसकट उभी होती. शिरीष एकटाच आला. म्हणाला, "काका, मिनूला नाही आणलं. घाबरली असती." मी मान डोलावली.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या चहा घेऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "बसा न आता गवतात. कोन बोलते तुमाले?" बसलो. तुडवलेलं गवत पुन्हा उभं राहत होतं. पायजमा मागून ओला झाला, पाती टोचत होती, मुंग्या चढल्या. म्हटलं, वसंता, यात बसण्यासारखं एवढं काहीच नव्हतं रे... पण एक संध्याकाळ तरी बसू द्यायचं होतंस. तूही बसायचं होतंस.